आयला बेटावरची हिवाळी पक्षीसहल: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

आधी नावाचा सोक्षमोक्ष लावू. इंग्रजी स्पेलिंग बघून आपल्याकडे बरेच जण 'इस्ले' म्हणतात, पण बेटावरचे लोक 'आयला' म्हणतात. मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द एरवी वेगळ्याच प्रसंगी येतो, त्यामुळे फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर चेहरा सरळ ठेवायची तयारी करून जावं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हेब्रिडीज बेटांपैकी हे अगदी दक्षिणेकडचं. क्षेत्रफळ सुमारे ६२० चौरस किलोमीटर, वस्ती तीन हजारांच्या आसपास, आणि हिवाळ्यात माणसांच्या दसपट हंस, म्हणजे इंग्रजीतले गूज.

सहल पाच दिवसांची, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. ग्लासगोहून ग्लासगोपर्यंत गाडी, वाटाड्या, फेरीचं तिकीट, बोमोर गावात मुक्काम, सकाळचा नाश्ता, गटात सहा जण. बडोद्याहून ग्लासगोपर्यंत आपलं आपण. नेणाऱ्यांचं नाव देत नाही. तक्रारी आहेत त्या आखणीच्या आहेत, आणि हिवाळ्यातल्या बहुतेक छोट्या सहली याच साच्यात बसवलेल्या असतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे पैसे भरण्याआधीही हे वाचायला हरकत नाही.

बडोद्याच्या पक्षीवाल्यांचा हिवाळा म्हणजे वढवाणा. सयाजीराव महाराजांच्या काळातला तलाव, २०२१ पासून रामसर यादीत, पहाटे डभोईच्या रस्त्याने निघालं की दीड तासात पट्ट कादंब समोर. मग हंस बघायला इतक्या लांब कशाला? बदकांसाठी जाणार असाल तर खरंच जाऊ नका. आयलावरच्या भिजलेल्या शेतांत जी बदकं दिसतात त्यातली पिनटेल, शॉव्हलर, टील, विजन ही वढवाण्यालाही येतात, तीच जात, आणि आपल्याकडे ती बघताना बोटं बधिर होत नाहीत. जायचं ते बार्नेकल गूजसाठी, ग्रीनलंडच्या व्हाइट-फ्रंटेड गूजसाठी आणि समुद्रासाठी.

बार्नेकल गूज ग्रीनलंडच्या पूर्व भागात अंडी घालतात, आइसलंडमध्ये थांबा घेतात आणि ऑक्टोबरात आयलावर उतरतात. एप्रिलात परत. आकडा वर्षागणिक हलतो, तरी तीस-चाळीस हजार धरून चाला. पांढरा चेहरा, काळी मान, पाठीवर राखाडी-काळे पट्टे. जुन्या युरोपात लोकांची समजूत अशी होती की हे पक्षी अंड्यातून नव्हे, तर समुद्रात वाहत आलेल्या लाकडाला चिकटलेल्या शिंपल्यांतून जन्मतात. घरटं कधी कोणी पाहिलंच नव्हतं ना, ते पार ग्रीनलंडच्या कड्यांवर. मासळीतच जमा झाल्यावर उपासाला खाण्याचीही सोय झाली. उपासाच्या पळवाटा आपल्यालाच सुचतात असं नाही.

व्हाइट-फ्रंटेडची गोष्ट जास्त नाजूक आहे. ग्रीनलंडच्या पश्चिम भागातली ही उपजात जगात वीस हजारांच्या आसपास उरली आहे. १९९९च्या सुमारास पस्तीस हजारांवर होती. आपल्याकडे क्वचित दिसणाऱ्या व्हाइट-फ्रंटेडची चोच गुलाबी असते, ग्रीनलंडवालीची नारिंगी, आणि पोटावरचे काळे पट्टे जाड. चोचीचा रंग ढगाळ हवेत फसवतो, म्हणून पोट बघावं. बार्नेकल हजारांच्या थव्यात बिनधास्त रस्त्याकडेला चरतात. व्हाइट-फ्रंटेड पाच-पन्नासच्या टोळ्यांत, ओलसर, खडबडीत शेतांच्या मागच्या कोपऱ्यात बसतात आणि गाडीचं दार उघडलं की उडतात. वाटाड्याने इथे शिस्त चांगली लावली होती: इंजिन बंद, काच खाली, कोणी उतरायचं नाही. गाडी हाच आडोसा. या एका गोष्टीचे पूर्ण गुण.

मुख्य ठिकाण लॉख ग्रुनार्ट. समुद्राचा आत घुसलेला उथळ फाटा, त्याच्या दक्षिण टोकाला आरएसपीबी या ब्रिटिश पक्षीसंस्थेचं राखीव क्षेत्र. राखीव म्हणजे कुंपण घातलेलं जंगल नव्हे, चालतं शेत आहे. गुरं आहेत, गवत आहे, आणि गवत मुद्दाम हंसांच्या चोचीला मानवेल इतकं आखूड राखलेलं. माहिती केंद्र, स्वच्छतागृह, भिजवलेल्या शेतांवर उघडणारी दोन हाइड, म्हणजे लपून पक्षी बघायची खोपटी. हाइडमध्ये बसून बदकं आणि पाणथळीतले टिवळे आरामात दिसतात. बार्नेकल मात्र दिवसभर शेतोशेत विखुरलेले असतात, त्यांच्यासाठी ग्रुनार्टला यायचं ते दिवस मावळताना.

आणि इथेच आखणी चुकते. जानेवारीच्या अखेरीस तिथे साडेआठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पावणेपाचला मावळतो. हातात आठ तास. त्यात दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम असा: सकाळी दक्षिणेला ओआचा कडा, दुपारी पश्चिम टोकाला पोर्टनाहेवन, संध्याकाळी ग्रुनार्ट. नकाशावर बेट छोटं दिसतं, पण ओआ ते पोर्टनाहेवन पन्नासएक किलोमीटर पडतं, रस्ते बरेचसे एकेरी, समोरून गाडी आली की खाचेत घेऊन थांबायचं, हात करायचा, मग पुढे. पोर्ट एलन ते बोमोर हा सरळसोट रस्ता पीटच्या भुसभुशीत जमिनीवर टाकलेला असल्याने लाटांसारखा वरखाली होतो. मागच्या सीटवरच्यांना त्याची आठवण जेवणापर्यंत राहते. जेमतेम सव्वा तासाचं अंतर, पण थांबत-थांबत गेलं की दिवसातले तीन तास गाडीत, आणि ग्रुनार्टला पोचेपर्यंत हंस निम्मेअधिक उतरलेले.

त्यात काय हुकतं ते सांगतो. आपल्याकडे सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. पंचावन्न अंश अक्षांशावर संधिप्रकाश पाऊण तास रेंगाळतो. त्या पाऊण तासात हंस चरणं सोडून फाट्याच्या चिखलावर झोपायला येतात, कारण कोल्हा नसला तरी जमिनीवरच्या धोक्यापासून उघडा चिखल आणि पाणी हीच त्यांची भिंत. आधी लांबून कुत्र्याची शंभर पिल्लं एकदम भुंकावीत तसा आवाज येतो, पक्षी दिसत नाही. मग क्षितिजावर धूर दिसावा तशी रेघ. रेघेची दोरी होते, दोऱ्यांचं जाळं, आणि डोक्यावर आल्यावर प्रत्येक पंखाचा वेगळा सूं ऐकू येतो. उतरताना काही जण पंख मिटून अंग तिरपं-उलटं करतात, वरून पान गळावं तसे घसरत येतात आणि शेवटच्या क्षणी सरळ होतात. चिखलाला टेकल्यावरही गप्प बसत नाहीत. हे बघायला सूर्यास्ताच्या आधी पाऊण तास जागेवर असायला हवं, आणि सूर्यास्तानंतर पाऊण तास हलायचं नाही. गाडीतून अंधार पडताना धावत उतरणाऱ्याला शेवटचे दोन थवे मिळतात. सहलीत ग्रुनार्टच्या संध्याकाळी दोन ठेवल्या होत्या. पाचपैकी किमान तीन हव्यात, आणि त्या दिवशी दुपारी दोननंतर बेटाच्या दुसऱ्या टोकाला जायचंच नाही.

शेतांत अधूनमधून बंदुकीचा किंवा गॅसच्या तोफेचा आवाज येतो. नव्या माणसाला धक्का बसतो. एवढे हंस गुरांसाठी राखलेलं गवत फस्त करतात, हे भांडण बेटावर जुनं आहे. शेतकऱ्यांना भरपाई मिळते, आणि २०१४ ते २०२४ या दहा वर्षांच्या योजनेत बार्नेकलची संख्या परवान्याने मारून कमी करण्याचाही भाग होता, ज्याला पक्षीसंस्थांचा विरोध राहिला. व्हाइट-फ्रंटेडना हात लावायचा नाही, पण शेजारी गोळी झाडली की तेही उठतातच. वाटाड्याने हे दोन्ही बाजूंनी सांगितलं, शेतकऱ्याला खलनायक केलं नाही. आपल्याकडच्या नीलगायीच्या वादासारखंच आहे, इथल्या माणसाला पटकन कळेल.

आता समुद्र. लॉख इंडाल हा बेटाच्या पोटात शिरलेला मोठा फाटा. पूर्वेला बोमोर, पश्चिमेला ब्रुइक्लॅडी. हिवाळ्यात इथे ग्रेट नॉर्दर्न डायव्हर, कॉमन स्कोटर, स्लाव्होनियन ग्रीब, रेड-ब्रेस्टेड मर्गान्सर, आयडर. सहलीने ब्रुइक्लॅडीचा धक्का सकाळी दहाला ठेवला आणि बोमोरचा किनारा दुपारी. हे नेमकं उलटं. त्या दिवसांत सूर्य भरदुपारीही सतरा अंशांच्या वर चढत नाही, सकाळी आग्नेयेला असतो. ब्रुइक्लॅडीहून पूर्वेकडे बघताना तो थेट डोळ्यांत, पाणी चांदीचं आणि त्यावरचा प्रत्येक पक्षी काळा ठिपका. स्कोटर तसाही काळाच, मग काय ओळखणार? सकाळी बोमोर, म्हणजे ऊन पाठीशी. जेवणानंतर ब्रुइक्लॅडी. एवढ्या अदलाबदलीने नुसत्या आकृत्यांचे पक्षी होतात. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी ही एक ओळ लिहून ठेवावी.

डायव्हर बघायची रीत वढवाण्यापेक्षा वेगळी आहे. तलावावर दुर्बीण फिरवली की पक्षी मोजता येतात. इथे लाट पक्षी झाकते आणि डायव्हर मिनिटभर पाण्याखाली राहून भलतीकडे वर येतो. स्कोप, म्हणजे तिवईवरची एका डोळ्याची दुर्बीण, एका पट्ट्यावर रोखून मनात तीसपर्यंत मोजा, मग पुढचा पट्टा. घाईने फिरवलेल्या स्कोपमधून रिकामा समुद्र दिसतो. आमच्या गटाला एका थांब्यावर पंचवीस मिनिटं दिली होती. तेवढ्यात उजवीकडून डावीकडे एक फेरी होते, दुसरी होत नाही, आणि अर्धे पक्षी दुसऱ्या फेरीत सापडतात.

भरती-ओहोटीबद्दल एक गंमत. खंभातच्या आखाताची सवय असलेल्या माणसाला, कावी-कंबोईचं स्तंभेश्वर पाण्याखाली जाताना पाहिलेल्याला, वाटतं समुद्र म्हणजे दहा-दहा मीटर चढणार-उतरणार. आयलाच्या दक्षिणेला पोर्ट एलनजवळ हा फरक जेमतेम मीटरभर असतो, कारण भरतीची लाट ज्या बिंदूभोवती फिरते तो जवळच आहे. त्यामुळे तक्त्यातल्या वेळेपेक्षा वारा आणि हवेचा दाब पाण्याची पातळी जास्त हलवतात. नैर्ऋत्येचा वारा दोन दिवस लागला की ओहोटीची वेळ झाली तरी खडक उघडे पडत नाहीत. तक्ता जवळ ठेवा, पण सकाळी डोळ्यांनी किनारा बघून ठरवा.

ओहोटी हवी ती पाणमांजरासाठी. सहलीतला सगळ्यात चांगला भाग हाच, आणि त्याचं श्रेय वाटाड्याच्या धीराला. किनाऱ्यावरचं पाणमांजर दिवसाउजेडी शिकार करतं, समुद्री शेवाळाच्या पट्ट्यात. पाण्यात पोहताना एकामागे एक तीन उंचवटे दिसतात, डोकं, पाठ, शेपटीचं टोक. सीलचं एकच गोल डोकं दिसतं. बुडताना पाणमांजराची शेपटी वर उठते, सील नुसतं खाली सरकतं. छोटा मासा ते पाण्यातच उताणं-तिरपं होऊन चावतं, मोठा खेकडा किंवा मासा असला की किनाऱ्यावर आणतं, आणि तीच जवळून बघायची संधी. रीत अशी: वारा आपल्या तोंडावर हवा. ते बुडालं की दहा-बारा पावलं पुढे, वर यायच्या आत खडकाशेजारी बसून स्तब्ध. पुन्हा बुडालं की पुढे. माथ्यावर उभं राहायचं नाही, आकाशासमोर माणसाची आकृती त्याला लगेच दिसते. मिठाने केसांतली ऊब जाते म्हणून त्याला अंग धुवायला गोडं पाणी लागतं. छोटा ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथल्या हिरव्यागार गवताच्या ढेकळावर त्याची विष्ठा सापडते, माशाचे काटे आणि खवले मिसळलेली. ती ओली असली की त्या जागी थांबण्यात अर्थ. वाटाड्या एका ओढ्याशी तास-सव्वा तास बसला, गटातल्या दोघांची चुळबुळ सुरू झाली तरी उठला नाही. असा माणूस मिळाला तर आखणीतल्या चार चुका माफ.

पोर्टनाहेवनच्या छोट्या बंदरात ग्रे सील खडकांवर पडलेले असतात, चहाचा कप हातात घेऊन बघावेत इतके जवळ. लांब, घोड्यासारखं तोंड आणि समांतर नाकपुड्या म्हणजे ग्रे. गोल, मांजरासारखं तोंड आणि व्हीच्या आकारात मिळणाऱ्या नाकपुड्या म्हणजे कॉमन सील, ती आग्नेय किनाऱ्याला आर्डबेगच्या पुढे. पोर्टनाहेवनला अर्धा तास पुरे. पश्चिम टोकाच्या खडकांवर पर्पल सँडपायपर शोधायला जायचं असेल तर मात्र वेगळा वेळ काढा, लाटेच्या फेसाच्या रेषेवरच बसतात आणि रंगाने खडकच असतात.

ओआच्या कड्यावर सुवर्ण गरुड आणि चफ. चफ म्हणजे हिमालयात दिसणारा तोच लाल चोचीचा कावळा, इथे समुद्रसपाटीला. गुरांच्या शेणातल्या अळ्यांवर जगतो, म्हणून गुरं चरतात तिथे शोधा. टोकाला दगडी अमेरिकन स्मारक आहे, १९१८ साली या किनाऱ्याजवळ बुडालेल्या टस्कानिया आणि ओट्रँटो या जहाजांवरच्या सैनिकांचं. वाऱ्यात तिथे स्कोप उभा करू नका. पाय लांब केलेला तिवई-स्कोप पडतो आणि खाली कडा आहे. मांडी घालून बसा, तिवईचे पाय आखूड ठेवा, मधली दांडी वर काढू नका, पिशवी खाली टांगा.

सामानाचं थोडं. दुर्बीण ८×४२ न्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १०×४२ची प्रतिमा मोठी असली तरी वाऱ्यात हात थरथरतो, शिवाय ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत, १०ला फक्त ४.२. ग्रुनार्टच्या त्या शेवटच्या पाऊण तासात हा फरक स्पष्ट जाणवतो. स्कोप २० ते ६० पटीचा असला तरी समुद्रावर तीसच्या पुढे नेऊ नका, हवेची थरथर मोठी होते. काचेवर खाऱ्या पाण्याचे तुषार वाळले की रुमालाने पुसायचं नाही, मिठाचे कण काचेवरचा लेप ओरखडतात. आधी गोड्या पाण्याने धुवा, मग टिपा. संध्याकाळी थंडगार दुर्बीण थेट उबदार खोलीत उघडली की आतून-बाहेरून दव धरतं. पिशवीतच तासभर राहू द्या.

तापमान ऐकून घाबरू नका, तीन ते आठ अंश, बर्फ क्वचित. मारतो तो वारा आणि आडवा पाऊस. इथे बाजारात मिळणारं जाड फुगीर जॅकेट तिथे तासाभरात ओला कापूस होतं. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं नको, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेलं वॉटरप्रूफ हवं, आणि विजारही तशीच, कारण सगळे जॅकेट घेतात आणि मांड्या भिजवून बसतात. आत दोन पातळ लोकरी थर. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. सहलीच्या यादीत 'चालायचे बूट' एवढंच लिहिलं होतं. ग्रुनार्टच्या फाटकाशी घोटाभर पाण्यात ते निकामी.

शाकाहारी जेवणाची सोय पत्रकात 'होईल' अशी होती. झाली, म्हणजे पाच दिवस सूप, बटाटा आणि टोस्ट. चिवडा, भाकरवडी, मेतकूट नेता येतं. पेढे, तूप, श्रीखंडाच्या वड्या नेऊ नका, दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, विमानतळावर कचऱ्यात जातात. दुपारच्या डब्याचं सांगून ठेवा, हिवाळ्यात वाटेतलं कॅफे उघडं असेलच याचा भरवसा नाही.

पैशांचं म्हणाल तर चौघांनी मिळून गाडी भाड्याने घेतली तर जवळपास निम्म्यात होतं. पण पहिल्या खेपेला पाणमांजर आणि चफ वाटाड्याशिवाय सापडणं कठीण. मधला मार्ग असा: गाडी आपली, वाटाड्या फक्त दोन दिवस. आणि तारीख जानेवारीऐवजी फेब्रुवारीच्या मध्यावर. हंस सगळे असतात, दिवस मात्र साडेनऊ तासांचा होतो.

फेरी मुख्य भूमीवरच्या केनाक्रेगहून सुटते, बेटावर पोर्ट एलनला सुमारे दोन तास वीस मिनिटं, पोर्ट आस्केगला दोन तास. वादळात रद्द होते, आणि ही अपवादाची गोष्ट नाही, म्हणून परतीचं विमान आणि फेरी यांच्यात ग्लासगोत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. सहलीने अर्धाच ठेवला होता. बोटीवर चढल्यावर बहुतेक जण आत जाऊन खुर्ची पकडतात. पहिली चाळीसेक मिनिटं बाहेर डेकवरच थांबा. बोट तेव्हा वेस्ट लॉख टार्बर्टच्या अरुंद, शांत फाट्यातून जात असते, ब्लॅक गिलेमॉट आणि डायव्हर दोन्ही बाजूंना जवळ दिसतात. उघड्या समुद्राला लागली आणि डोलायला लागली की मग आत जायला मोकळे.